डोक्याचा मार बरा झाला, पण माणूस 'पयलेसारखा' नाही. असं काहून होते?

शेंदूरजनाघाट : टाके निघाले. सिटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी 'आता काळजी नाही' म्हणून सांगितलं. माणूस चालतो, जेवतो, सगळ्यांना ओळखतो. पाहुणे भेटून गेले, देवाला नारळ फुटला. आणि मग दोन-तीन महिन्यांनी घरात कुजबूज सुरू होते, "हा पयलेसारखा राह्यला नाही." मोटर चालू करायला जातो आणि पाइपाजवळ बसून राहतो. दुकानातून तीन वस्तू सांगितल्या तर एकच आणतो. लेकरानं टीव्हीचा आवाज वाढवला की अंगावर धावून जातो. नाहीतर दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

अशा वेळी आपल्याकडे निष्कर्ष लवकर निघतात. कोणी म्हणते, "नाटकं करते, कामाचा कंटाळा आला त्याले." कोणी दारूवर ढकलते. कोणी बाहेरचं लागलं म्हणून लिंबू उतरवायला नेते. जखम वरून भरली तरी मेंदू अजून भरून यायचा आहे, आणि त्या मेंदूला नैराश्य आलं आहे, ही शक्यता बहुतेक घरांत कोणी बोलत नाही. डिस्चार्जच्या कागदावर जखमेची तारीख असते, गोळ्यांची नावं असतात, पण घरी गेल्यावर स्वभाव बदलू शकतो, विसर पडू शकतो, मन खचू शकते, हे सांगायला गर्दीच्या वॉर्डात कोणाला वेळ मिळत नाही. म्हणून हा लेख.

मार लागतो कुठे

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेतल्या अभ्यासकांनी केलेल्या मांडणीनुसार, भारतात मेंदूला मार लागण्याच्या घटनांपैकी साधारण ६० टक्के रस्त्यावरच्या अपघातातून होतात, २० ते २५ टक्के पडल्यामुळे आणि १० टक्के मारहाणीतून. आपल्या भागाला हे तंतोतंत लागू पडते. वरूड-अमरावती किंवा पांढुर्णा रस्त्यावर रात्री बिनलाइटची ट्रॉली, मधेच आलेलं जनावर, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातात मेले, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात १४ हजारांवर मागे बसलेले होते. मेलेल्यांचा आकडा छापून येतो, वाचून घरी आलेल्यांचा येत नाही.

मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई खड्ड्यात गाडी उसळली की थेट डोक्यावर पडते. झाडावरून, धाब्यावरून, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडणारे वेगळे. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या पांढुर्ण्यात जाम नदीवर होणारी गोटमार तर सगळ्यांना ठाऊकच आहे. पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, दरवर्षी शेकडो जखमी होतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि संपते. डोक्यात दगड बसलेल्या पोराचं सहा महिन्यांनी काय झालं, हे विचारायला कोणी जात नाही.

स्कॅन नॉर्मल, मग त्रास कशाचा?

मेंदू दगडासारखा कडक नसतो. डब्यात लावलेल्या दह्यासारखा मऊ असतो. डबा जोरात आपटला तर बाहेरून पोचा दिसो न दिसो, आतलं दही हलतेच. मेंदूत बारीक धाग्यांसारख्या लाखो तारा असतात, झटक्यानं त्या ताणल्या जातात, काही तुटतात. साध्या सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसते, सूज दिसते. ताणलेली तार बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ आत्ता ऑपरेशनची गरज नाही एवढाच घ्यायचा.

त्यातही कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासला जातो. नेमका हाच भाग राग आवरणं, काम ठरवून करणं, नवीन गोष्ट ध्यानात ठेवणं ही कामं करतो. त्यामुळे हातपाय चांगले आणि स्वभाव बदललेला, असं चित्र दिसते.

मार किरकोळ असेल तर बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. बेशुद्धी लांबली असेल, आयसीयूत राहावं लागलं असेल, तर सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त वेगानं होते, नंतर हळू होते, पण वर्ष-दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू राहते. 'तीन महिने झाले, आता जे आहे ते आहे' असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

डोकं 'चालत नाही' म्हणजे नेमकं काय

हे थोडं सावकाश समजून घ्या, कारण घरातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

पहिली गोष्ट वेगाची. माणसाला कळते सगळं, पण उशिरा कळते. तुम्ही प्रश्न विचारता, तो चार सेकंद गप्प राहतो, तुम्हाला वाटते ऐकलंच नाही, तुम्ही दुसरा प्रश्न टाकता. आता त्याच्या डोक्यात दोन्ही गुंतले. तो चिडतो. तुम्ही म्हणता, "साधं विचारलं तर अंगावर येते."

दुसरी गोष्ट ध्यानात राहण्याची. जुनं सगळं आठवते, लग्नात कोणी काय आहेर केला तेही. सकाळी काय सांगितलं ते मात्र आठवत नाही. इथेच घरचे फसतात. "वीस वर्षांपूर्वीचं आठवते अन् सकाळचं नाही? ढोंग करते." ढोंग नाही. जुन्या आठवणी आधीच पक्क्या बसलेल्या असतात, नवीन बसवण्याचं यंत्र बिघडलेलं असते.

तिसरी गोष्ट एकापाठोपाठ एक कामं लावण्याची. संत्र्याच्या बगीच्यात एक चक्कर मारून किती माल निघेल हे सांगणारा माणूस, व्यापाऱ्याशी बोलणं, मजुरांची जुळवाजुळव, कॅरेट, गाडी, हिशेब, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरत होता. आता त्यातलं एकेक काम त्याला येते, पण सगळी मिळून येत नाहीत. बहार तोडायच्या गर्दीत तो हातपाय गाळून बसतो. लोकांना तो आळस वाटतो.

आणि थकवा. दोन तास पाहुण्यांशी बोलून तो असा थकतो जसा पहिले दिवसभर खड्डे खणून थकला नसता. दुखापत झालेल्या मेंदूला तेच काम करायला जास्त जोर लावावा लागतो.

एक वेगळाच प्रकारही असतो, ज्यात रुग्णाला स्वतःत काही बदल झाला हे जाणवतच नाही. "मले काय झालं? मी चांगला आहो." हा हट्ट नसतो. स्वतःकडे पाहण्याची मेंदूतली जागाच दुखावलेली असते. अशा माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही.

बायकांचं सांगायलाच पाहिजे. पुरुषाला विसर पडला तर निदान 'अपघातानंतर' म्हणतात. बाईच्या हातून भाजी करपली, दूध उतू गेलं, लेकराच्या शाळेची वेळ चुकली, तर 'हिचं लक्षच नाही' एवढाच निकाल लागतो. आणि तिच्या डोक्याला मार घरातल्याच कोणाच्या हातून लागला असेल, तर ती दवाखान्यातही 'पडली' म्हणूनच सांगते.

मन का खचते

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, झोप उडालेली किंवा सारखी झोप, भूक गेलेली, 'मी घरावर ओझं झालो' हे बोलणं. असं असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात, मेंदूला मार लागून दवाखान्यात भरती झालेल्या ५५९ लोकांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५३ टक्के लोकांना पहिल्या वर्षात कधी ना कधी मोठं नैराश्य आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि त्यातल्या निम्म्यांनाही उपचार मिळाले नाहीत, फक्त ४४ टक्क्यांना मिळाले. ही अमेरिकेची गोष्ट. आपल्या तालुक्यात किती जणांना मिळत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

कारणं दोन्ही बाजूंनी येतात. मनाचा तोल सांभाळणाऱ्या तारा आणि रसायनं मारामुळे बिघडतात, हे एक. दुसरं, माणूस जसजसा सुधारतो तसतसं त्याला आपलं काय काय गेलं हे कळू लागते. म्हणूनच कित्येकदा नैराश्य पहिल्या महिन्यात दिसत नाही, तिसऱ्या-सहाव्या महिन्यात दिसते, जेव्हा भेटायला येणारे बंद झालेले असतात आणि दवाखान्याचं कर्ज दारात उभं असते. घरच्यांना मात्र वाटते, आता तर बरा होत होता, मधेच काय झालं.

यात एक चक्र फिरते. मन खचलं की कोणाचाही मेंदू मंद चालतो, ध्यानात राहत नाही. आधीच दुखावलेला मेंदू आणखी मंद होतो. ते पाहून माणूस आणखी खचतो. नैराश्य कमी झालं की कित्येकांचा विसरही थोडा कमी होतो, तो यामुळेच.

पण नुसतं गप्प बसून राहणं म्हणजे दरवेळी नैराश्य नव्हे. काही रुग्ण दुःखी नसतात, फक्त स्वतःहून काही सुरू करत नाहीत. उठ म्हटलं की उठतात, जेव म्हटलं की जेवतात. त्यांना कामाला लावून देणारा कोणी लागतो. नैराश्यातला माणूस आतून दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. कधी विनाकारण रडू किंवा हसू फुटते आणि थांबत नाही, तोही मेंदूचाच वेगळा त्रास आहे. फरक डॉक्टर करतील, पण तुम्ही घरी काय पाहिलं ते नीट सांगितलं तरच.

जिवाचा प्रश्न

डेन्मार्कमध्ये ७० लाखांहून जास्त लोकांच्या सरकारी नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास आला. मेंदूला मार लागून उपचार घेतलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं, वर्षाला लाखामागे सुमारे २० ऐवजी ४१. म्हणजे बहुसंख्य रुग्ण त्या वाटेला जात नाहीत, हेही खरं. पण वऱ्हाडात आपण हा आकडा बाजूला ठेवू शकत नाही.

'मी नसलो तर बरं होईल', 'आता काही उरलं नाही' असं कोणी बोललं तर "येडं बोलू नको" म्हणून विषय बंद करू नका. सरळ विचारा, "तुमच्या मनात जीव द्यायचं येते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. सारख्या विसरणाऱ्या माणसाच्या हाती तशीही ती नकोत. पंपात औषध एकदा टाकलं हे विसरून दुसऱ्यांदा टाकलं जाते, किंवा हात न धुता घास घेतला जातो.

त्याच कारणानं विहिरीवर एकट्यानं जाणं, रात्रीच्या लाइटवर मोटर लावणं, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवणं, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. फिट आलेली असेल तर पोहणं आणि उंचावर चढणंही बंद. दारू पूर्ण बंद. मेंदूला मार लागल्यावर पहिल्यापेक्षा कमी दारूत माणूस घसरतो, फिटचा धोका वाढतो आणि नैराश्याच्या गोळीवर पाणी पडते.

घरी काय केलं तर फरक पडतो

१८४८ साली अमेरिकेत फिनीस गेज नावाच्या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून स्फोटानं लोखंडी सळाख आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव बदलला म्हणून पुस्तकांत अजरामर झाला. त्याची पुढची गोष्ट फार कोणी सांगत नाही. काही वर्षांनी तो चिली देशात जाऊन घोडागाडी चालवत होता, रोज ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, ठरलेलं काम. अभ्यासकांना आता वाटते की त्या ठरलेल्या दिनक्रमानंच त्याला सावरलं असावं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे १९९० च्या 'आशिकी' सिनेमाची नायिका अनू अग्रवाल. १९९९ साली मुंबईत गाडीचा अपघात झाला, २९ दिवस कोमात होती, स्मरणशक्ती गेली, शरीर लुळं पडलं. तिनं पुढे २०१५ साली आपली कहाणी पुस्तकात लिहिली. तिला मिळालेले उपचार सगळ्यांना मिळत नाहीत. पण विसरलेला माणूस पुन्हा शिकू शकतो, एवढं त्यातून दिसते.

तर दिनक्रम बांधा. उठणं, आंघोळ, जेवण, चालणं, झोप रोज त्याच वेळी. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोबाइलमध्ये गोळीचा आणि मोटर बंद करायचा अलार्म लावा. खिशात एक लहान वही द्या, सांगितलेलं काम लगेच लिहायचं, झालं की खोडायचं. काहींना वहीची लाज वाटते. चष्म्याची लाज वाटत नाही तर वहीची कशाला?

एका वेळी एकच काम सांगा, छोट्या वाक्यात सांगा, उत्तराची वाट पाहा. बोलताना टीव्ही बंद ठेवा. काम तुकड्यांत द्या: आधी वीस मिनिटं संत्री निवडणं, मग विश्रांती, मग पुन्हा. जमलं की वेळ वाढवा. सगळंच काढून घेऊ नका, बिनकामाचा माणूस लवकर खचतो.

आणि ती परीक्षा बंद करा. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेजवळ बसून, "सांग बरं, मी कोण? माह्या पोराचं नाव काय?" विचारतो. चार लोकांसमोर नाव आठवलं नाही की माणूस दिवसभर गप्प होतो. पाहुण्यांनी स्वतःचं नाव सांगूनच बसावं. "मी बंडूचा मामा, जरूडहून आलो" एवढं म्हटलं की झालं.

सांभाळणारीचंही पाहा. बहुतेक घरांत ती बायको असते किंवा माय. ती रात्री झोपत नाही, दिवसा मजुरीला जाते, आणि 'तूच त्याले समजून घेत नाही' हेही ऐकते. आठवड्यातून एक दिवस भावानं, दिरानं रुग्णाजवळ बसावं.

डॉक्टरकडे कधी, कुठे

डोकेदुखी वाढत चालली, उलट्या, सारखी गुंगी, एका बाजूला अशक्तपणा, बोबडं बोलणं, फिट, असं काही झालं तर ते नैराश्य समजून थांबू नका, त्याच दिवशी १०८ बोलवा. म्हाताऱ्या माणसांत किरकोळ पडण्यानंतर तीन-चार आठवड्यांनीही मेंदूभोवती हळूहळू रक्त साचते. 'म्हातारा भ्रमिष्ट झाला' म्हणतात आणि तो असतो ऑपरेशननं बरा होणारा त्रास.

बाकी त्रासासाठी सुरुवात वरूडच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. मानसोपचार तज्ज्ञ अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इर्विनमध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात भेटतात. नागपूरला मेडिकल आणि एम्स आहेत. दोन्हीकडे जायचं तर दिवस मोडतो, म्हणून आधी फोन करा: टेली-मानस १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. 'डोक्याला मार लागला होता, त्यानंतर असं होते' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

डॉक्टरकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची फिल्म आणि चालू गोळ्या सोबत न्या. फिटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड आणि उदासी वाढते. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. स्वतः बंद केली तर जोरात फिट येऊ शकते. थायरॉइड, बी-१२, सोडियम यांची रक्त तपासणी होऊ द्या, कारण यांच्या कमी-जास्तीनंही माणूस असाच मंद होतो. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि बहुतेकांची सवय लागत नाही. सगळ्यांनाच त्यांचा सारखा फायदा होत नाही, म्हणून गोळीसोबत समुपदेशन, चालणं आणि झोप हेही उपचारच आहेत. नवस बोलायचा असेल तर बोला, पण गोळी चालू ठेवून.

कागदपत्रं

अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. इथे बहुतेक जण हाडाचं बिल लावतात आणि विसर, नैराश्य सोडून देतात. माणूस दिसायला धडधाकट असला तरी त्याची कमाईची ताकद किती गेली, हे भरपाईत धरलं जाते, पण डॉक्टरांच्या कागदावर ते लिहिलेलं पाहिजे. म्हणून पहिल्या तपासणीपासून 'विसर पडतो, हिशेब जमत नाही' हे नोंदवून घ्या. त्रास टिकला आणि ४० टक्क्यांवर भरला, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराखाली प्रमाणपत्र मिळू शकते. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात. ते हाती आलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वरूड तहसीलमध्ये करता येतो. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कंपनीला मनाच्या आजाराचा खर्च शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो.